हजार डॉलरचा शेअर : १९०१ ची नॉर्दर्न पॅसिफिकची झुंज

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तोफा, तह आणि राजे उभे राहतात. परंतु गेल्या दीडशे वर्षांत लक्षावधी माणसांच्या पोटापाण्याची वाट ज्या लढायांनी बदलली, त्यांतील पुष्कळशा रणांगणावर झाल्याच नाहीत. त्या पेढ्यांच्या मागल्या खोल्यांत आणि दलालांच्या गलक्यात झाल्या. अशाच एका लढाईची हकीकत येथे सांगावयाची आहे. ती मे १९०१ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात झाली. दोन बलाढ्य पक्ष एका लोहमार्गाच्या मालकीसाठी भिडले आणि शंभर डॉलर दर्शनी किमतीच्या एका शेअरचा भाव चार दिवसांत हजार डॉलरपर्यंत गेला.

आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. बोनसच्या वाटाघाटीत मालक ताळेबंद पुढे करतो. तो वाचता आल्यावाचून त्याला उत्तर देता येत नाही, म्हणून आम्ही ताळेबंद वाचावयास शिकलो. ताळेबंदाच्या मागोमाग शेअर बाजाराचा इतिहास आला. तेव्हा ही हकीकत आम्ही अर्थशास्त्राच्या पंडिताच्या नजरेने सांगणार नाही. बाजाराने एखाद्या कारखान्याचा भाव ठरविला म्हणजे त्याने नेमके काय मोजले, एवढा एकच प्रश्न आमच्यापुढे आहे.

प्रथम रणभूमी पाहू. अमेरिकेच्या वायव्य भागात मिनेसोटापासून पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यापर्यंत दोन लोहमार्ग जवळजवळ समांतर धावत. एक ग्रेट नॉर्दर्न. त्याचे सर्वेसर्वा जेम्स जे. हिल. हे १८३८ साली कॅनडात जन्मले, लहानपणी त्यांचा एक डोळा गेला आणि सेंट पॉल शहरात कारकुनीपासून ते वर चढले. त्यांचा मार्ग १८९३ साली पश्चिम किनाऱ्याला पोहोचला. दुसरा नॉर्दर्न पॅसिफिक. याला १८६४ साली अमेरिकन काँग्रेसने सनद दिली आणि त्याबरोबर कोट्यवधी एकर सरकारी जमीन बहाल केली. तो १८८३ साली पुरा झाला, परंतु त्याचे नशीब प्रथमपासून वाकडे होते. १८७३ साली त्याला पैसा पुरविणारी जे कूक यांची पेढी बुडाली आणि साऱ्या अमेरिकेत हाहाकार उडाला. १८९३ साली मार्ग स्वतःच दिवाळखोरीत निघाला आणि न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरांच्या हाती गेला.

त्या दिवाळखोरीचा एक प्रसंग येथे नोंदविला पाहिजे, कारण पुढे त्याचा धागा जुळणार आहे. रिसीव्हरांनी कामगारांचे पगार कापण्याचे ठरविले. कामगार संप करतील या भीतीने त्यांनी डिसेंबर १८९३ मध्ये न्यायमूर्ती जेंकिन्स यांच्याकडून मनाई हुकूम मिळविला. हुकूम असा की, मार्गाचे काम अडेल अशा रीतीने कामगारांनी संप तर करू नयेच, पण नोकरीही सोडू नये! पगार कमी करण्याचा हक्क एका पक्षाला, आणि काम सोडण्याची बंदी दुसऱ्याला. १८९४ साली हे प्रकरण अपिलात न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांच्यापुढे आले. कोणाही माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध कामावर ठेवण्याचा हुकूम न्यायालयाला देता येत नाही, असा निर्णय त्यांनी दिला. मालमत्ता पांगळी करण्याच्या हेतूने एकजूट करण्यावरील बंदी मात्र त्यांनी उठविली नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हिल यांच्या ग्रेट नॉर्दर्नवरील कामगारांनी पगारकपातीविरुद्ध यूजीन डेब्स यांच्या नेतृत्वाखाली अठरा दिवसांचा संप केला, आणि लवादाकडून बहुतेक मागण्या पदरात पाडून घेतल्या.

१८९६ साली जे. पिअरपॉन्ट मॉर्गन यांच्या पेढीने नॉर्दर्न पॅसिफिकची नव्याने उभारणी केली. भांडवल ठरले १५½ कोटी डॉलर. त्यात ७½ कोटींचे अग्रहक्काचे शेअर आणि ८ कोटींचे साधे शेअर. प्रत्येक शेअर शंभर डॉलरचा. मत देण्याचा हक्क दोन्ही प्रकारांना होता. श्रोत्यांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत, कारण साऱ्या लढाईची कळ त्यांत आहे.

आता भांडणाचे मूळ. हिल यांच्या दोन्ही मार्गांना शिकागोपर्यंत स्वतःची वाट नव्हती, आणि देशातला सारा माल शिकागोस एकत्र होई. ती वाट होती शिकागो, बर्लिंग्टन अँड क्विन्सी या कंपनीकडे. सुमारे आठ हजार मैलांचे तिचे जाळे. १९०१ च्या वसंतात हिल आणि मॉर्गन यांनी शेअरमागे २०० डॉलर मोजून बर्लिंग्टन घेतली. ग्रेट नॉर्दर्न आणि नॉर्दर्न पॅसिफिक या दोघांत ती निम्मी निम्मी वाटली गेली. ही खरेदी एडवर्ड हॅरिमन यांच्या वर्मी लागली. युनियन पॅसिफिक हा मध्य अमेरिकेतील मोठा मार्ग त्यांच्या ताब्यात होता, आणि बर्लिंग्टनची गाडी त्यांच्याच मुलखातून धावत होती. आपल्यालाही तिसरा हिस्सा द्या, असे हॅरिमन यांनी आणि त्यांचे पेढीवाले जेकब शिफ यांनी मागून पाहिले. हिल यांनी नकार दिला.

तेव्हा हॅरिमन यांनी जे केले त्याला आपल्याकडे आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात. बर्लिंग्टन मिळत नाही, तर बर्लिंग्टनचा निम्मा धनी असलेली नॉर्दर्न पॅसिफिकच विकत घ्यावी! १५½ कोटींच्या कंपनीत निम्म्याहून थोडे अधिक शेअर हाती आले की तिच्याबरोबर बर्लिंग्टनचा निम्मा भागही आपोआप येतो. शिफ यांच्या कून, लोएब अँड कंपनी या पेढीने एप्रिलभर गुपचूप खरेदी चालविली. काळही अनुकूल होता. मॅकिन्ली पुन्हा अध्यक्ष झाले होते, पोलाद कंपन्यांचा प्रचंड संघ नुकताच उभा राहिला होता आणि सारा बाजार तेजीच्या कैफात होता. ३० एप्रिल रोजी एका दिवसात ३२ लाखांवर शेअरांची उलाढाल झाली. अशा जत्रेत कोण काय घेतो हे कोण पाहणार? नॉर्दर्न पॅसिफिकचा भाव महिन्याच्या आरंभी शंभराच्या आसपास होता, तो मेच्या पहिल्या आठवड्यात ११५ च्या घरात गेला. बर्लिंग्टनच्या खरेदीमुळे चढला असेल, असे जो तो म्हणाला. चढा भाव पाहून हिल–मॉर्गन गटातल्याही काहींनी आपले शेअर विकून टाकले. आपण आपल्याच किल्ल्याचे दगड शत्रूला विकीत आहोत, याची त्यांना कल्पना नव्हती.

शुक्रवारी, ३ मे रोजी, शिफ यांनी हिल यांना उघडच सांगितले की बहुमत आमच्या हाती आले आहे. ते खरे होते. अग्रहक्काचे सुमारे ४ कोटी २० लाख डॉलरचे शेअर, आणि साधे सुमारे ३ कोटी ७० लाखांचे. दोन्ही मिळून ७ कोटी ९० लाख, म्हणजे १५½ कोटींच्या निम्म्याहून जास्त. परंतु येथेच ग्यानबाची मेख होती. साध्या शेअरांपुरते पाहिले तर त्यांच्याकडे निम्म्याला सुमारे तीस हजार शेअर कमी होते. आणि कंपनीच्या नियमांप्रमाणे येत्या १ जानेवारीस संचालकांना अग्रहक्काचे शेअर दर्शनी किमतीने परत घेऊन रद्द करता येत होते. तसे केले की उरणार फक्त साधे शेअर, आणि मग ज्याच्याकडे साध्यांचे बहुमत त्याचीच कंपनी. हिल यांनी ही मेख ओळखली. मॉर्गन त्या वेळी फ्रान्समध्ये होते. त्यांना तार गेली, आणि दीड लाख साधे शेअर वाटेल त्या भावाने घेण्याची परवानगी आली.

हॅरिमन यांनाही ती मेख टोचत होती. ते आजारी होते. शनिवारी बिछान्यातूनच त्यांनी शिफ यांच्या पेढीला चाळीस हजार साधे शेअर घेण्याचा निरोप धाडला. तो पुरा झाला असता तर लढाई तेथेच संपली असती. परंतु शनिवार हा यहुदी धर्माचा विश्रांतीचा दिवस. शिफ प्रार्थनामंदिरात होते. पेढीतील भागीदाराने त्यांना तेथे गाठून विचारले, तेव्हा त्यांनी ही खरेदी नको म्हणून सांगितले. बहुमत आहेच, मग उगाच पैसा का घाला, असा त्यांचा विचार असावा.

सोमवारी, ६ मे रोजी, मॉर्गन यांचे दलाल बाजारात उतरले. त्या दिवशी भाव सुमारे १२७ वर गेला. मंगळवारी तो १५० ला टेकला. तेवढ्यात मॉर्गन यांना हवे होते ते शेअर मिळाले आणि त्यांची खरेदी थांबली. मग बुधवारी भाव १८० पर्यंत का चढला, आणि गुरुवारी हजारापर्यंत कसा गेला? बाजाराचे खरे यंत्र या प्रश्नात दडले आहे, म्हणून तेथे थोडे थांबू.

शेअर बाजारात तेजीवाले असतात तसे मंदीवालेही असतात. मंदीवाला हाती नसलेला माल विकतो. आज चढ्या भावाने विकावे, उद्या भाव उतरला की स्वस्तात घेऊन देणे फेडावे, आणि मधला फरक खिशात टाकावा, हा त्याचा धंदा. नॉर्दर्न पॅसिफिक १३० ला, १४० ला जाताना पाहून शेकडो सटोडियांनी हिशेब केला की, हा मार्ग काही एवढ्या मोलाचा नाही, भाव पडलाच पाहिजे. त्यांनी विकण्याचा सपाटा लावला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशी ही गत. घेणारे मात्र दोनच पक्ष होते, आणि दोघेही घेतलेला शेअर परत सोडणारे नव्हते. शेवटी जितके शेअर छापलेले होते त्यांहून अधिक विकले गेले. न्यूयॉर्कच्या रिवाजाप्रमाणे विकलेला शेअर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हजर करावा लागे. बुधवारी विकणारे शेअर उसना मागत फिरू लागले, तेव्हा उसना देण्यास कोणी उरलेच नव्हते. मंदीवाल्यांची पुरी कोंडी झाली.

गुरुवार, ९ मे १९०१. बाजाराची जुनी इमारत नव्या बांधकामासाठी सोडलेली असल्याने व्यवहार प्रोड्यूस एक्स्चेंजच्या इमारतीत चालले होते. सकाळी नॉर्दर्न पॅसिफिक १७० ला उघडला. दर सौद्याला भाव शेकड्यांनी उड्या घेऊ लागला, आणि रोख, ताबडतोब हाती मिळणाऱ्या शेअरला एक हजार डॉलर मोजले गेले. हा एक शेअर आकाशाला भिडत असताना बाकीचा सारा बाजार कोसळत होता. देणे फेडण्यास पैसा हवा, म्हणून जो तो आपले चांगले शेअर मिळेल त्या भावाने फुंकू लागला. नव्या पोलाद संघाचा साधा शेअर सुमारे ४६ वरून २४ वर आला. अॅचिसन या लोहमार्गाचा शेअर ४३ पर्यंत घसरला. दलालांना हातउसन्या कर्जाचा व्याजदर ६० टक्क्यांवर गेला. बँकांनी एकत्र येऊन पैसा मोकळा केला तेव्हा कोठे बाजाराला श्वास घेता आला.

आता आमचा मूळ प्रश्न. त्या गुरुवारी बाजाराने काय मोजले? नॉर्दर्न पॅसिफिकचे रूळ आदल्या दिवशी होते तेवढेच होते. एंजिने तेवढीच, डाकोटाचा गहू आणि वॉशिंग्टनचे लाकूड वाहण्याचे दरही तेच. रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमनच्या रोजात एका सेंटाची भर पडली नव्हती. पोलाद संघाच्या भट्ट्याही बुधवारी जशा पेटल्या होत्या तशाच गुरुवारी पेटल्या होत्या. तरी एकाची किंमत पाचपट झाली आणि दुसऱ्याची निम्मी. याचा अर्थ सरळ आहे. ताब्यासाठी झगडा लागला की शेअरचा भाव उत्पन्नाचा राहत नाही. प्रथम तो मताचा भाव होतो. कंपनी कोणाच्या हुकमात चालावी हे ठरविण्याच्या हक्काची ती किंमत असते. आणि कोंडी पडली की तो तोही राहत नाही. अडलेल्या माणसाला आपली सुटका ज्या किमतीला घ्यावी लागते, तेवढाच तो असतो. मंदीवाल्यांचा हिशेब एका अर्थी बरोबर होता, तो मार्ग तेवढ्या मोलाचा नव्हताच. पण विकली जाणारी वस्तू मार्ग नसून मार्गावरील सत्ता आहे, हे त्यांना उमगले नाही.

तहाचे वर्णन थोडक्यात करता येईल. दोन्ही पेढ्यांच्या ध्यानात आले की मंदीवाल्यांना चिरडले तर त्यांना कर्ज देणाऱ्या पेढ्याही कोसळतील, आणि मग आपलीही धडगत नाही. त्याच दुपारी त्यांनी जाहीर केले की आज शेअर हजर करण्याचा आग्रह नाही. शेअरमागे १५० डॉलर भरून सुटका करून घ्यावी. दुसऱ्या दिवशी बाजार सावरू लागला. ज्यांच्यापाशी धीर धरण्यापुरता पैसा होता त्यांचे फारसे बिघडले नाही. परंतु थोडी अनामत भरून उधारीवर पोलादाचे शेअर घेतलेल्या लहान माणसाचे शेअर दलालाने २४ ला, ३० ला विकून टाकले होते. नॉर्दर्न पॅसिफिकशी त्याचा काडीइतका संबंध नव्हता. दोन रेड्यांची टक्कर झाली आणि त्याचे कुंपण मोडले. रेड्यांचे पुढे सख्य झाले म्हणून ते कुंपण कोणी उभारून दिले नाही.

आणि सख्य झालेच. नोव्हेंबर १९०१ मध्ये हिल, मॉर्गन आणि हॅरिमन या तिघांनी मिळून नॉर्दर्न सिक्युरिटीज नावाची ४० कोटी डॉलरची कंपनी न्यू जर्सी राज्यात काढली, आणि दोन्ही उत्तर मार्गांचे बहुतेक शेअर तिच्या पोटात घातले. मे महिन्यात स्पर्धा एवढी तीव्र होती की बाजार फुटला. सहा महिन्यांत ती स्पर्धाच नाहीशी झाली. वायव्येकडील शेतकऱ्याला गहू पाठविण्यास आता दोन कंपन्या उरल्या नाहीत. मिनेसोटात ओरड झाली. नवे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या सरकारने १९०२ साली मक्तेदारीविरोधी शर्मन कायद्याखाली खटला भरला, आणि १४ मार्च १९०४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही कंपनी बेकायदा ठरविली. मुख्य निकाल लिहिला न्यायमूर्ती हार्लन यांनी. त्यांनीच दहा वर्षांपूर्वी याच लोहमार्गाच्या कामगारांचे अपील ऐकले होते.

येथे तो धागा जुळतो. शर्मन कायदा १८९० चा. तो भांडवलाच्या संघांविरुद्ध केला गेला. परंतु १८९४ साली पुलमन संपाच्या वेळी डेब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध निघालेल्या मनाई हुकमाला खालच्या न्यायालयाने ह्याच कायद्याचा आधार दिला होता. डेब्स यांना सहा महिन्यांचा तुरुंगवास घडला. १९०८ साली डॅनबरी येथील टोपी-कामगारांच्या बहिष्कारालाही सर्वोच्च न्यायालयाने हाच कायदा लावला. नॉर्दर्न सिक्युरिटीजच्या निकालाने मात्र कोणी तुरुंगात गेले नाही. शेअर भागधारकांना प्रमाणशीर परत वाटले गेले. त्या वाटणीत हिल यांचा गट वरचढ राहिला. हॅरिमन यांनी त्याविरुद्ध दावा केला, तो १९०५ साली हरले, आणि चढत्या बाजारात आपले शेअर विकून त्यांनी प्रचंड नफा मिळविला. हरलेल्याचेही नुकसान होऊ नये, अशी ही लढाई! मानवी श्रम हा बाजारातील माल नव्हे, असे वाक्य अमेरिकेच्या कायद्यात यावयास १९१४ साल उजाडले. आणि ज्या एकत्रीकरणाला १९०४ साली बंदी झाली, ते १९७० साली बर्लिंग्टन नॉर्दर्न या नावाने कायदेशीर रीतीने घडून आले.

आपल्याकडे हा विषय परका राहिलेला नाही. १९८३ साली लंडनस्थित उद्योगपती स्वराज पॉल यांनी एस्कॉर्ट्स आणि डी. सी. एम. या कंपन्यांचे शेअर बाजारातून उचलले. कंपन्यांच्या चालकांनी ते नोंदवून घेण्याचे नाकारले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेव्हापासून कायदा पुष्कळ पुढे आला. सेबीच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पाच टक्के शेअर हाती आले की ते जाहीर करावे लागते. २५ टक्क्यांची मर्यादा गाठली की बाकीच्या भागधारकांकडून आणखी निदान २६ टक्के शेअर घेण्याची खुली तयारी दाखवावी लागते. एप्रिल १९०१ मध्ये चालली तशी चोरपावलांची खरेदी आता सहजासहजी साधणार नाही. हा लाभ लहान नाही, आणि ज्यांनी आपली बचत म्युच्युअल फंडांत ठेवली आहे त्या श्रोत्यांनी त्याची किंमत ओळखावी.

परंतु हे सारे संरक्षण भागधारकाचे आहे. त्याला योग्य भाव मिळावा, त्याला अंधारात ठेवले जाऊ नये, एवढीच त्याची धाव. ज्याने त्या कंपनीत तीस वर्षे घातली, त्याच्याजवळ विकण्याजोगा शेअर नसतो. नवा धनी आला तर कोणते खाते बंद पडेल, कोठली जमीन विकली जाईल, कोणाला घरी बसविले जाईल, हे त्याला वर्तमानपत्रातून कळते. ही अडचण अटळ आहे असेही नाही. ब्रिटनच्या नियमावलीत ताब्याच्या प्रस्तावावर कामगारांच्या प्रतिनिधींचे मत भागधारकांकडे जाणाऱ्या पत्रकाला जोडावे लागते. जर्मनीत १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळावर निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना मिळाल्या. त्या देशांतले शेअर बाजार त्यामुळे बंद पडलेले नाहीत.

म्हणून पुढे कधी एखाद्या कंपनीच्या ताब्यासाठी चढाओढ लागली आणि बाजाराने या बातमीचे स्वागत केले, शेअर वीस टक्के चढला, असे वाचनात आले, तर श्रोत्यांनी ९ मे १९०१ ची आठवण करावी. तो चढलेला भाव खरा असतो. कोणीतरी तेवढा पैसा मोजलेला असतो. पण तो कशासाठी मोजला, आणि तो वसूल कोणाकडून व्हावयाचा आहे, याचे उत्तर भावफलकावर लिहिलेले नसते. ते कंपनीच्या फाटकाशी जाऊन विचारावे लागते.